तुम्ही विचारलंत म्हणून : सर, तुम्ही तो गेम अजून खेळता?

"सर, तुम्ही शिक्षक माणूस, आणि असला गेम खेळता? भाच्याच्या हातातही तुम्हीच दिलात ना?"

हा प्रश्न मला पालकसभेत विचारला गेलाय, हर्णैच्या लिलावात पापलेटाची बोली चालू असताना विचारला गेलाय, एका लग्नात तर पंगतीत बसलेलो असताना शेजारच्या माणसानं विचारलाय. दरवेळी काहीतरी थातूरमातूर बोलून मी विषय बदलला. आता एकदाच नीट लिहितो. भाच्याची यंदा बारावी झाली. त्याला आधी वाचून दाखवलंय. तो म्हणाला, "लिही, फक्त माझं नाव घालू नकोस."

'ग्रँड थेफ्ट ऑटो' या गुन्हेगारी जगावरच्या व्हिडिओ गेमचं नाव काढलं की तुमच्या डोळ्यांपुढे जे उभं राहतं, ते मी पुन्हा सांगत बसत नाही. मी खेळतो तो त्यातला 'चायनाटाउन वॉर्स'. २००९ साली तो निन्टेंडो डीएस या हातात मावणाऱ्या, दोन पडद्यांच्या यंत्रासाठी मुद्दाम बनवला गेला. भावोजी मस्कतला असतात. एका सुट्टीत येताना त्यांनी ते यंत्र आणलं, स्वतः दोन दिवस खेळले, कंटाळले आणि माझ्याकडे देऊन परत गेले. पावसाळ्यात आमच्याकडे वीज गेली की कधी येईल याचा नेम नसतो. त्या रात्री मी तो गेम खेळायला शिकलो.

हाँगकाँगच्या एका टोळीप्रमुखाचा खून होतो. त्याचा मुलगा हुआंग ली, घराण्याची म्हणून सांगितलेली एक तलवार काकाकडे पोचवायला लिबर्टी सिटी या गेममधल्या काल्पनिक शहरात येतो. उतरतो तोच हल्ला होतो, तलवार जाते, आणि तो मेला असं समजून त्याला गाडीसकट पाण्यात ढकलतात. इथे खेळणाऱ्याच्या हातात खेळ येतो. खालच्या पडद्यावर यंत्रासोबतच्या काडीनं टकटक करून गाडीची काच फोडायची आणि बाहेर पडायचं. गाडी चोरायची तर पॅनेलचे स्क्रू त्या काडीनं गोल फिरवून काढायचे, वायर वायरला जोडायची. पेट्रोलपंपावर बाटली भरायची तर हात बेतानं चालवावा लागतो. अंगठ्यानं बटणं दाबत राहण्यापेक्षा हे वेगळं होतं, आणि मला ते आवडलं. आजही आवडतं. एवढ्याशा कार्ट्रिजमध्ये इंग्लंडातल्या लीड्सच्या, गेम बनवणाऱ्या त्या लोकांनी एक अख्खं शहर बसवलं, याचं मला अजून नवल वाटतं.

पण तुम्ही मला स्क्रूबद्दल विचारत नाही, हे मला कळतं. तुम्ही विचारता ते धंद्याबद्दल. हो, त्या गेममध्ये अमली पदार्थांचा धंदा आहे. माल सहा प्रकारचा. एका भागात स्वस्त मिळतो, दुसऱ्या भागातली टोळी त्याला जास्त पैसे देते. गेममध्येच मेल येतो की अमक्याला घाईनं माल काढायचाय, तमक्याला हवाय. स्वस्तात घ्यायचा, घरी ठेवायचा, भाव आला की विकायचा. पोलिसांनी धरलं की अंगावरचा माल गेला. सांगितलेली कामगिरी पार पाडून पैसे बेताचेच मिळतात. खरा पैसा या देवघेवीत. गेमच्या डब्यावर वयाचा शिक्का आहे, युरोपात १८ चा, अमेरिकेत १७ चा. मला तो माहीत होता. तरी मी भाच्याला गेम दिला. तो तेव्हा आठवीत होता, मी शेजारी बसून असायचो, आणि मला वाटायचं की शेजारी बसणं पुरेसं आहे.

तेव्हा मी सगळ्यांना एकच सांगायचो : खेळ तो खेळ, त्याचा खऱ्याशी काय संबंध? ताईशी यावरून वाद घातलाय, मुख्याध्यापकांशी घातलाय. ते वाक्य मी आता म्हणत नाही. का ते सांगतो.

ऑगस्ट २०२३. मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपलेली, होड्या नुकत्याच बाहेर पडू लागलेल्या. स्वातंत्र्यदिनाच्या आसपास दापोलीच्या किनाऱ्यावर चरसची पाकिटं वाहून यायला लागली. कर्दे, लाडघर, केळशी, मुरुड. रोज नवीन गावाचं नाव. सगळी मिळून दोनशे किलोच्या वर माल सापडला. पेपरात त्याची किंमत कोटींत छापून आली. तुम्ही सगळ्यांनी ती वाचली आहे.

त्या दिवसांत भाचा आणि त्याचे दोन मित्र किनाऱ्यावर गेले होते. पावसाळ्यात समुद्र काय काय आणून टाकतो, तुम्हाला माहीत आहे. थर्माकोल, बाटल्या, फाटकी जाळी, एकेक चपला. पोरं बोये, म्हणजे जाळ्याचे तरंगते गोळे, गोळा करतात, चांगला असला तर खलाशी चार पैसे देतात. त्यांना जाळ्याच्या गुंत्यात एक पाकीट सापडलं. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेलं, एका कोपऱ्याला फाटलेलं, आत काळपट काहीतरी.

मला फोन आला तेव्हा मी शाळेतून घरी येऊन चहा घेत होतो. "मामा, इथे ये. ते पेपरातलं सापडलंय." मी मोटरसायकल काढली. पोचलो तेव्हा तिघं सुरूच्या बनात उभे होते. पाकीट किनाऱ्यावर नव्हतं. वर, बनात, एका झाडाच्या मुळाशी ठेवलेलं, आणि त्यावर सुरूच्या काटक्या.

"इथे कसं आलं?"

"भरती येत होती. वाहून गेलं असतं."

"आणि काटक्या?"

भाचा गप्प. एक मित्र म्हणाला, "कुत्री येतात ना, सर."

मी लगेच पोलिसांना फोन लावला. माणसं आली, पंचनामा केला, पाकीट घेऊन गेली. पोरांना नीट वागवलं, हेही सांगितलं पाहिजे. दम दिला नाही, हात लावला नाही. फक्त एकानं वहीत लिहिता लिहिता विचारलं, "किती वाजता सापडलं?" भाच्यानं खरं सांगितलं. त्यानं सांगितलेली वेळ आणि मला आलेल्या फोनची वेळ यांत तासाभराचं अंतर होतं. त्या माणसानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वहीत पाहिलं आणि लिहिलं.

त्या तासाभरात काय झालं, हे मला रात्री कळलं. एका मित्राचं म्हणणं होतं, हात लावू नका, घरी चला. दुसरा म्हणत होता, पोलिसांना सांगू, पेपरात फोटो येईल. आणि भाचा म्हणत होता, थांबा जरा. मी विचारलं, "कशाला थांबा?" बराच वेळ त्यानं उत्तर दिलं नाही. मग म्हणाला, "मामा, गेममध्ये मेल येतो, कोण घेणार ते. इथे मला कुणीच माहीत नव्हतं."

हे वाक्य मी आजवर ताईलाही सांगितलं नव्हतं. या लेखाच्या निमित्तानं परवा सांगितलं.

त्या रात्री मी त्याला ओरडलो नाही. मी १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा फोनवर काढला आणि वाचून दाखवला. चरस एक किलोच्या पुढे गेलं की ते व्यापारी प्रमाण. किमान दहा वर्षं सक्तमजुरी, किमान एक लाख दंड. तो ऐकत होता. मध्येच म्हणाला, "गेममध्ये माल जातो आणि आपण चौकीच्या दारातून बाहेर येतो." मी म्हटलं, "हो." पुढे काय बोलावं हे मला सुचलं नाही.

आता तुमच्यातले जे म्हणतात "बघा, गेमनंच शिकवलं", त्यांना मला काही विचारायचंय. त्याच आठवड्यात एसटी स्टँडवर बसून कोण काय बोलत होतं? एक पाकीट सापडलं असतं तर घराचं कर्ज फिटलं असतं, असं म्हणणारे मी या कानांनी ऐकलेत. त्यांतल्या एकानंही आयुष्यात डीएस पाहिलेला नाही. किलोला किती, पाकिटाला किती, पोत्याला किती, हा हिशेब वाडीवाडीत चालला होता, आणि आकडे पेपरानं दिले होते. या किनाऱ्यावर माल उतरणं हे पोरांना गेममधून कळावं लागत नाही. सोन्याच्या, घड्याळांच्या होड्यांच्या गोष्टी आपलेच म्हातारे पारावर बसून रंगवून सांगतात, आणि आपण हसून ऐकतो. फेब्रुवारी १९९३ मध्ये खाडीपलीकडे शेखाडीला आरडीएक्स उतरलं आणि १२ मार्चला मुंबईत माणसं मेली, तो भाग सांगताना मात्र आवाज खाली जातो. पोरं दोन्ही ऐकतात.

म्हणून गेमवर खापर फोडणं मला मान्य नाही. ते सोपं आहे. डबा ट्रंकेत टाकला की प्रश्न मिटला असं होतं, आणि स्टँडवरच्या माणसाला कुणी काही विचारत नाही.

पण मग मला माझंच जुनं वाक्य आठवतं, आणि तिथे मी अडतो. स्टँडवरच्या माणसानं हिशेब केला तो हळहळ म्हणून. भाच्यानं पुढची पायरी केली. ठेवायचं, झाकायचं, थांबायचं, घेणारा शोधायचा. हा क्रम त्याला कुठून आला? मला माहीत आहे कुठून आला. मी शेजारी बसलेलो होतो. भाव येईपर्यंत थांब, घाई करू नकोस, असं मीच त्याला शिकवलं होतं, आणि त्यानं चांगला नफा काढला तेव्हा शाबासकीही दिली होती. खेळ म्हणून दिली. त्याच्या डोक्यात ती कुठल्या कप्प्यात जाऊन बसली, हे मला कसं कळणार?

उलटंही आहे. पेपरातल्या बातमीत फोटो धड दिसत नव्हता. तरी बाकी दोघांच्या आधी त्यानं ओळखलं की हे काय आहे, आणि कुणालाही फाटक्या कोपऱ्यात बोट घालू दिलं नाही. एका मित्राला वास घेऊन बघायचा होता. भाच्यानं त्याचा हात झटकला. आणि तासाभरानं का होईना, फोन त्यानंच केला. गेममध्ये माल अंगावर घेऊन फिरताना जी धाकधूक असते, ती त्याला ठाऊक होती असं तो म्हणतो. मी त्याचं बोलणं खरं मानतो. मामा म्हणून मानतो की पुरावा म्हणून, हे विचारू नका.

आणखी एक सांगतो, कारण ते कुणी विचारत नाही. त्या गेमचा शेवट भाच्यानं आणि मी एकत्र पाहिला होता. हुआंग ज्या काकासाठी सगळं शहर पालथं घालतो, त्याच काकानं त्याच्या बापाला मारलेलं असतं. आणि ज्या तलवारीसाठी एवढी माणसं मेली, ती बापानं कधीतरी पत्त्यांच्या डावात जिंकलेली, घराण्याबिराण्याची काही नसते. भाचा तेव्हा चिडला होता. म्हणाला, "मग एवढं सगळं कशासाठी केलं त्यानं?" हा प्रश्न मी वर्गात वर्षभर घसा कोरडा करून कुणाच्या तोंडून काढू शकलेलो नाही. असला गेम वाईट, असं मला म्हणता येत नाही. आठवीतल्या मुलाला दिला ते बरोबर, असंही तुम्ही माझ्याकडून वदवून घेऊ नका.

ताईचं म्हणणं सरळ आहे. गेम नसता तर तो तासभर थांबला नसता. मी म्हणतो, गेम नसता तर त्यानं ते पाकीट फोडून पाहिलं असतं. परवा ते वाक्य सांगितल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "तू हे मला तेव्हाच सांगायला हवं होतंस." मी म्हटलं, "सांगितलं असतं तर तू त्याला मस्कतला पाठवलं असतंस." ती म्हणाली, "पाठवलंच असतं." आमचं बोलणं तिथे थांबलंय. संकष्टीला जेवायला बोलावलंय, तेव्हा पुन्हा सुरू होईल.

भाच्याला विचारलं, तुला काय वाटतं? तो म्हणाला, "मामा, तुम्ही दोघं गेमवरून भांडता. मी तेव्हा काय विचार करत होतो ते मला आठवतंय. त्यात गेम होता, आणि बाबांच्या नोकरीचं चाललेलं तेही होतं." भावोजींची नोकरी त्या वर्षी जाता जाता राहिली होती. आम्ही समजत होतो, पोरांना माहीत नाही.

डीएस अजून ताईकडे आहे. मी मागितलेला नाही, तिनं दिलेला नाही. पण तो गेम आता फोनवरही मिळतो. मी तो घेतलाय आणि रात्री जेवणं झाल्यावर खेळतो. फोनवर काडी नाही, बोटानं स्क्रू फिरवावे लागतात, तेवढी मजा येत नाही. पालकसभेत पुन्हा विचारलंत तर उत्तर हो असंच आहे. तुमच्या मुलाला द्यावा का, असं विचारलंत तर मी आधी विचारेन की तो कितवीत आहे, आणि घरात पैशांवरून काय चाललंय.