कोकणविषयक टपाल तिकिटे : वर्षभराच्या खरेदीची नोंद

मागच्या वर्षी मृग नक्षत्र लागण्याच्या सुमारास मी ‘कोकण’ हा एकच विषय धरून सोळा पानांचा संग्रह लावायला घेतला, त्यातली अकरा पाने आज भरली आहेत. उरलेली पाच रिकामी का राहिली, याची ही नोंद आहे. अडचण जुन्या तिकिटांची येईल असे मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात रिकाम्या पानांसाठी हवे असलेले एकही तिकीट दहा वर्षांपेक्षा जुने नाही.

जुनी तिकिटे किती सहज मिळाली ते आधी सांगतो. रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांच्या जन्मशताब्दीचे, २३ जुलै १९५६ रोजी निघालेले दोन आण्यांचे तांबूस तिकीट मला न वापरलेल्या स्थितीत आणि डिंक शाबूत असलेले, असे शंभर रुपयांच्या आत मिळाले. उजेडासमोर धरल्यावर कागदातले ताऱ्यांचे जलचिन्हही नीट दिसले. दापोलीजवळच्या मुरूडचे महर्षी कर्वे यांचे १९५८ चे पंधरा नव्या पैशांचे तिकीट तर एका मित्राने अदलाबदलीत दिले. ते मला फार प्रिय आहे, कारण ते कर्व्यांच्या शंभराव्या वाढदिवशी निघाले आणि ते पाहायला कर्वे स्वतः हयात होते. असे भाग्य तिकिटावरच्या माणसांना सहसा लाभत नाही. मंडणगडच्या आंबडव्याशी नाते असलेल्या डॉ. आंबेडकरांचे १९६६ चे, गागोद्यात जन्मलेल्या विनोबांचे १९८३ चे आणि कोकण रेल्वेचे १९९८ चे, अशी तिन्ही तिकिटे एकाच पाकिटातून घरी आली.

आता नव्या तिकिटांकडे वळतो. रोजच्या वापराची तिकिटे लागतील तशी पुन्हा पुन्हा छापली जातात, पण स्मारक तिकीट ठरावीक संख्येत एकदाच छापले जाते आणि ते संपले की संपले. ती संख्या तिकिटासोबतच्या माहितीपत्रकात छपाईच्या तपशिलात दिलेली असते. मी सुरुवातीला हा आकडा पाहूनच निश्चिंत होत असे, कारण काही लाख तिकिटे छापली असतील तर त्यातली चार आपल्याला मिळायला काय हरकत आहे, असा माझा साधा हिशेब होता. तो चुकला. छापलेली तिकिटे कोणत्या शहरात किती जातात, हे त्या आकड्यात कुठेच नसते, आणि संग्राहकाचा खरा प्रश्न तोच असतो. आमच्या खाडीकाठच्या पोस्टात स्मारक तिकिटे येतच नाहीत असे नाही. ती येतात, पण कोणती आणि कधी येतील हे काउंटरवरच्या माणसालाही ठाऊक नसते. एकदा मी मनीऑर्डर करायला गेलो असताना, ज्या मालिकेसाठी दोन महिने पत्रव्यवहार करत होतो, तिचीच तिकिटे तिथले बाबू एका जाड लिफाफ्यावर ओळीने चिकटवताना दिसली. मी जवळजवळ ओरडलोच. शीटमध्ये सात तिकिटे उरली होती, ती घेतली; त्यांपैकी तीन तिकिटांच्या कडेच्या दात्यांना ओल्या स्पंजचा स्पर्श झालेला होता.

पहिल्या दिवशीच खरेदी करायची म्हटले तर प्रश्न अंतराचा येतो. प्रथम दिवसाचा, म्हणजे तिकीट निघाल्याच्या तारखेचा शिक्का फिलाटेली ब्युरोत, म्हणजे टपाल खात्याच्या संग्राहकांसाठीच्या विभागात मिळतो आणि आम्हाला त्यासाठी एक तर पणजी गाठावी लागते, नाही तर मुंबई. तिकीट नक्की कोणत्या दिवशी निघणार हे पुष्कळदा इतके उशिरा कळते, की तोवर कोकणकन्येचे आरक्षण मिळण्याची आशा उरत नाही. ऑक्टोबरात मी हट्टाने जनरल डब्यातून गेलो, पहाटे सीएसएमटीला उतरलो आणि शेजारच्या जीपीओचा, म्हणजे मुंबईच्या मुख्य टपाल कार्यालयाचा घुमट न्याहाळत काउंटर उघडेपर्यंत बाहेर चहा पीत बसलो. विजापूरच्या गोलघुमटाची आठवण करून देणारी ती १९१३ ची इमारत पाहण्यासारखी आहे, हे मान्य. पण पाच रुपये दर्शनी किमतीच्या चार तिकिटांसाठी येण्याजाण्याचा आणि जेवणाचा खर्च जमेस धरला, तेव्हा टिळकांचे १९५६ चे तिकीट फुकटच मिळाले असे म्हणावे लागले.

चाकरमान्यांकरवी तिकिटे मागवण्याचा उपाय आम्हा कोकणातल्या सगळ्याच संग्राहकांना सुचतो. माझा पुतण्या फोर्टात नोकरीला आहे, त्याला मी श्रावणातच पैसे आणि यादी पाठवली होती. गणपतीला तो आला तेव्हा मिनिएचर शीट (चित्रचौकटीत तिकीट छापलेला छोटा कागद) त्याच्या शर्टाच्या खिशात चौघडी घालून ठेवलेली होती. ‘काका, शेवटी पाकिटावरच लावायची ना?’ असे त्याने इतक्या निरागसपणे विचारले की रागावणे शक्यच नव्हते. या वर्षी त्याला मी पुठ्ठ्याचे दोन तुकडे आणि पारदर्शक पिशवी आधीच देऊन ठेवली आहे.

सर्वांत भरवशाचा मार्ग फिलाटेलिक डिपॉझिट अकाउंटचा आहे. किमान २०० रुपये भरून आणि प्रत्येक प्रकारच्या किती प्रती हव्यात हे एकदा लिहून दिले की नवीन तिकिटे पोस्टाने घरी येतात आणि रक्कम खात्यातून वळती होते. मी एका ब्युरोत खाते उघडले. माझ्या यादीत मिनिएचर शीटचा रकाना रिकामा राहिला होता, ही चूक माझीच. पण जुलैत आलेल्या पाकिटाचा दोष माझा नव्हता. ते पाकीट साध्या कागदाचे होते, आत मेणकागदाचा तुकडाही नव्हता, आणि तिकिटे एकमेकांना डिंकाने इतकी घट्ट चिकटली होती की ती शेवटी पाण्यात टाकून सोडवावी लागली. डिंक गेला म्हणजे न वापरलेल्या तिकिटाची निम्मी किंमत गेली. मी लेखी तक्रार केली, उत्तर नम्र आले, बदली तिकिटे मात्र शिल्लक नव्हती. तेव्हापासून मी पोस्टमनला विनंती करून माझी पाकिटे पोस्टातच कोरड्या कपाटात ठेवायला सांगतो आणि उघडीप पाहून स्वतः घेऊन येतो. घरी आल्यावर ती दोन दिवस सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर डब्यात राहतात आणि मगच अल्बममध्ये जातात. पावसाळा कोरडा जाण्याची वाट पाहणाऱ्याने कोकणात तिकिटे जमवू नयेत.

विक्रेत्यांविषयी थोडक्यात लिहितो. निघाल्यावर पंधरा दिवसांत पाच रुपयांचे तिकीट साठ रुपयांना विकणे मला पटत नाही, तरी माझ्या प्रवासखर्चाशी तुलना केली की तोंड बंद होते. एका विक्रेत्याने मात्र छायाचित्रात एक शीट दाखवून कोपरा दुमडलेली दुसरीच पाठवली. त्यामुळे आता मी मागच्या बाजूचे छायाचित्र मागितल्याशिवाय पैसे पाठवत नाही. संस्थांनी स्वतःसाठी काढून घेतलेली ‘माय स्टॅम्प’ तिकिटे मी या संग्रहातून पूर्णपणे वगळली आहेत. त्यांचा साठा त्या त्या संस्थेकडे जातो आणि कार्यक्रमाच्या व्यासपीठावर ओळख नसलेल्या माणसाने त्यांच्यामागे धावण्यात अर्थ नाही.

सध्याची स्थिती अशी आहे : खात्यावरची यादी दुरुस्त करून मिनिएचर शीटच्या दोन प्रती आणि माहितीपत्रक वाढवले आहे, शिल्लक २०० वरून ६०० रुपयांवर नेली आहे, आणि सावंतवाडीकडच्या एका संग्राहकाशी करार केला आहे की पणजीला जो जाईल त्याने दोघांची खरेदी करावी. पाचपैकी दोन पानांची तिकिटे त्यांच्याकडे जादा आहेत. बदल्यात त्यांना कर्व्यांचे तिकीट हवे आहे. माझ्याकडे ते एकच आहे, म्हणून मी दुसऱ्याच्या शोधात आहे, आणि ते या आठवड्यात मिळेल असे दिसते.