श्रीरामपूर, पण हुगळीकाठचं

श्रीरामपूर म्हटलं की आपल्याला नगरकडचं आठवतं. मी गेलो ते हावड्याहून बंडेल लोकलने अर्ध्या-पाऊण तासावरचं. १८४५ पर्यंत हे गाव डेन्मार्कचं होतं आणि इंग्रज मिशनरी विल्यम कॅरी इथे आला तो त्याचमुळे. कंपनी सरकारला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. डॅनिश गव्हर्नरने १८०० साली आसरा दिला.

इंग्लंडात जोडे शिवता शिवता पाळक झालेला हा माणूस पुढच्याच वर्षी कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली शिकवू लागला, महिना ५०० रुपयांवर. नंतर मराठीही त्याच्याकडे आली. कंपनीच्या नव्या साहेबांना मराठी शिकवायची तर पुस्तकं कुठे होती? म्हणून वैजनाथ पंडितांच्या मदतीने १८०५ चं व्याकरण आणि १८१० चा कोश. व्याकरणातली मराठी देवनागरीत, कोशातली मोडीत. हात न उचलता लिहायच्या मोडीचे सुटे खिळे (छपाईची धातूची अक्षरं) पाडायचे, म्हणजे काय खटाटोप असेल!

श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यात खिळे पाडायचे ते पंचानन कर्मकार आणि त्याचा जावई मनोहर. पोलादी पंच, म्हणजे अक्षराचा ठसा, कोरायचा, तांब्याच्या तुकड्यात ठोकून साचा करायचा, साच्यात शिशाचा रस ओतायचा. ११ मार्च १८१२ ला छापखान्याला लागलेल्या आगीत कागद जळाला, खिळे वितळले, बहुभाषी कोशाचं हस्तलिखितही गेलं. पंच आणि साचे मात्र वाचले, म्हणूनच तेच शिसं पुन्हा ओतून काही आठवड्यांत छपाई सुरू झाली.

इथूनच २३ मे १८१८ ला ‘समाचार दर्पण’ हे बंगाली साप्ताहिक निघालं. (आपलं मराठी ‘दर्पण’ १८३२ चं.) संपादक जॉन क्लार्क मार्शमन. कॅरी मात्र सरकारची खप्पामर्जी होईल म्हणून आधी बिचकतच होता.

जायचं तर रविवार टाळा. इथल्या श्रीरामपूर कॉलेजातल्या कॅरी ग्रंथालयासाठी आधी लिहून परवानगी घ्या आणि ओळखपत्र बरोबर ठेवा, नाहीतर नदीकडे तोंड केलेले खांब बघून परतावं लागेल. तिथून १८०६ चं सेंट ओलाव्ह चर्च. कॅरीची कबर या चर्चपाशी शोधू नका, ती वेगळ्या मिशन कब्रस्तानात आहे; टोटोवाल्याला (ई-रिक्षावाल्याला) तसंच सांगायचं. कॅरी ९ जून १८३४ ला गेला. नाव आणि तारखांखाली, त्याच्याच इच्छेनुसार, स्तोत्रातल्या दोनच ओळी आहेत, त्यात तो स्वतःला दीन, असहाय किडा म्हणतो. कोशाचा, कॉलेजचा, छापखान्याचा उल्लेख नाही.