आजीचा अंगठा

दसरा झाला की आमच्या तालुक्यातली गावं निम्मी रिकामी होतात. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली जोडपी भांडीकुंडी, शेळी आणि तान्ही लेकरं ट्रॉलीत घालून सांगली-कोल्हापूरकडे नाहीतर कर्नाटकात ऊस तोडायला निघतात. गावात उरतात म्हातारी माणसं आणि शाळेला जाणाऱ्या मुली. काही मुली हंगामी वसतिगृहात राहतात, पण बहुतेक आजीजवळ. मी बीड जिल्ह्यात अठरा वर्षं स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून दवाखाना चालवते. मोठ्या शहरातल्या माझ्या वर्गमैत्रिणींना हे चित्र सांगितलं तर त्यांना ते आरोग्याचा प्रश्न वाटत नाही. माझ्या टेबलावर मात्र तो येतोच, बहुतेक वेळा जानेवारीनंतर.

2018च्या जानेवारीत अशीच एक आजी नातीला घेऊन आली. मुलगी दहावीत, सोळा वर्षांची. (ओळख पटेल असं सगळं इथे बदललं आहे.) सोनोग्राफीत आठ आठवड्यांचा गर्भ दिसला. आजीला आकडा सांगायची गरज पडली नाही. मुलीच्या उलट्या तिने दोन आठवडे पाहिल्या होत्या.

मी म्हणाले, "हिच्या आईवडिलांना घेऊन या. अठराच्या आतली आहे, गर्भपाताला पालकांची सही लागते."

"मायबाप फडात हाएत बाई. पाडव्याबिगर येत न्हाईत."

"मग वडिलांना तरी बोलवा. सहीशिवाय मला हात लावता येणार नाही."

"म्या हाय की. चार वर्साची व्हती तवापासून म्याच सांभाळते तिला. अंगठा कुठं द्यायचा तेवढं सांगा."

मी नाही म्हणाले. चिडून नाही, समजावून सांगितलं. कायदा आहे, माझे हात बांधलेले आहेत, वडील नाहीतर आई हवी. मला तेव्हा ते अगदी खरं वाटत होतं. आणि पोलिसांना कळवावं लागेल हेही सांगितलं. अठराच्या आतल्या मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्याच्या कलम 19प्रमाणे ते बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. आजी उठता उठता पुन्हा खुर्चीत बसली. मुलगी भिंतीवरच्या बाळाच्या चित्राकडे बघत होती. ते चित्र मी त्या आठवड्यात काढून टाकलं.

पत्र त्याच दिवशी पोलीस ठाण्याला गेलं. दुसऱ्या दिवशी जीप गावात गेली आणि आजीने पदराखाली झाकून ठेवलेली गोष्ट वस्तीभर झाली. बापाला फडात बातमी लागली ती गावातल्या कुणाच्या तरी फोनवरून. मुकादम सोडेना, एक कोयता, म्हणजे नवराबायकोची एक जोडी, मोकळा झाला तर टोळीचं गणित बिघडतं आणि उचल फिटत नाही. बाप पाच आठवड्यांनी आला. तोवर तेरा आठवडे झाले होते. माझ्या दवाखान्याला परवानगी बारा आठवड्यांपर्यंतची. पहिल्या दिवशी जे दहा-पंधरा मिनिटांत होऊन मुलगी संध्याकाळी घरी गेली असती, त्यासाठी तिला जिल्ह्याच्या गावी दोन रात्री वॉर्डात कळा सोसाव्या लागल्या. बारा आठवड्यांपुढे तेव्हा दोन डॉक्टरांचं मत लागायचं, त्यात आणखी एक दिवस गेला. दहावीचे पहिले दोन पेपर बुडाले.

त्या मार्चमध्ये मी कायद्याचं पुस्तक उघडलं. परीक्षेला पाठ केला होता मी हा वैद्यकीय गर्भपाताचा कायदा. 10 ऑगस्ट 1971 ही तारीख, 1 एप्रिल 1972 पासून अंमल, त्याआधी 1964 साली नेमलेली शांतिलाल शहांची समिती. ते आपल्या महाराष्ट्राचेच आरोग्यमंत्री होते. आठवडे, कलमं, कुणाचं मत कधी लागतं, सगळं तोंडपाठ. कलम 2(अ) मात्र मी कधी नीट वाचलं नव्हतं. तिथे लिहिलंय की पालक म्हणजे अल्पवयीन मुलीचा सांभाळ जिच्याकडे आहे ती व्यक्ती. बाप हा शब्द तिथे नाही. आईही नाही.

म्हणजे त्या दिवशी माझ्यासमोर कायद्याने सांगितलेली पालक बसली होती. ती अंगठा द्यायला तयार होती आणि मी तिला परत पाठवलं.

हे मी इथे का लिहितेय, तर ही चूक माझ्या एकटीची नाही. तालुक्यातल्या, जिल्ह्यातल्या कितीतरी सहकाऱ्यांना मी तेव्हापासून विचारत आले आहे: "अल्पवयीन मुलीसाठी सही कुणाची घेता?" उत्तर एकच येतं, वडिलांची. कुणी आईची चालते म्हणतं, कुणी दोघांची मागतं. त्यांची भीती मला कळते. या कायद्याचं संरक्षण सुटलं की डॉक्टर थेट गर्भपाताच्या गुन्ह्यात येतो. पूर्वी दंडसंहितेचं कलम 312 होतं, आता न्याय संहितेचं 88 आहे. म्हणून आम्ही कायद्याने मागितल्यापेक्षा जास्त मागत राहतो. त्या जास्तीची किंमत मुली पोटातले आठवडे मोजून देतात.

ज्या मुली परत गेल्या त्यातल्या काही परत येतच नाहीत. कुणीतरी मेडिकलमधून गोळ्यांचं किट आणून देतं, आणि मग रात्री दोन वाजता रिक्षातून रक्ताने भिजलेली मुलगी येते. तेव्हा सहीचा प्रश्न कुणी काढत नाही.

लग्न झालेल्या मुलींचं तर आणखी विचित्र. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या 21.9 टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. आमच्या भागात ऊसतोडीला जोडी लागते, एकट्याला कोयता मिळत नाही, म्हणून पोरीचं लग्न लवकर उरकतात. अशी सतरा वर्षांची सून पोटुशी राहून येते तेव्हा सोबत नवरा असतो. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याप्रमाणे लग्न झालेल्या अल्पवयीन मुलीचा नैसर्गिक पालक तिचा नवरा. पोक्सोप्रमाणे तोच आरोपी. एकाच माणसाकडून मी संमतीच्या कागदावर सही घ्यायची आणि त्याच माणसाचं नाव ठाण्याला कळवायचं. त्याच्या शेजारी खाली मान घालून बसलेल्या मुलीला काय हवंय, हे या दोन्ही कागदांवर कुठेच येत नाही.

मला सगळ्यात जास्त खुपतं ते हेच. फॉर्म सी, म्हणजे आमचा संमतीचा नमुना. मोठ्या बाईसाठी वरचा भाग असतो, 'मी संमती देते'. अल्पवयीन असेल तर खालचा भाग पालकाने भरायचा, 'माझ्या पाल्याच्या गर्भपातास संमती देतो'. मुलीच्या सहीला जागाच नाही. ही छपाईतली चूक नव्हे. कायद्याच्या कलम 3(4)मध्ये गर्भवतीच्या संमतीशिवाय गर्भपात करता येणार नाही असं म्हटलंय, पण त्यातून अल्पवयीन मुलीचा अपवाद आधीच काढून ठेवलाय. तिच्यासाठी पालकाची लेखी संमती. म्हणजे मुलीला हवा असून पालक नाही म्हणाला तर होणार नाही. आणि तिला नको असून पालक हो म्हणाला तर कागद पूर्ण आहे.

दुसरी गोष्ट मी एकदा पाहिली आहे. बाप सही करून मोकळा झाला होता आणि मुलगी टेबलावर चढेना. मी त्या दिवशी हातमोजे काढून ठेवले. बापाने बाहेर जाऊन माझ्या नावाने जे बोलायचं ते बोलून घेतलं.

2024च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयात आपल्याच राज्यातल्या चौदा वर्षांच्या मुलीचं प्रकरण गेलं. मुंबई उच्च न्यायालयाने परवानगी नाकारली होती. सर्वोच्च न्यायालयाने 22 एप्रिलला मुंबईच्या सायन रुग्णालयात गर्भपाताचा आदेश दिला, आणि पालकांचा विचार बदलल्यावर 29 तारखेला तो मागे घेतला. मुलगी तेव्हा तीस आठवड्यांच्या पुढे होती. पण त्या निकालपत्रात एक गोष्ट आहे जी मी अधोरेखित करून ठेवली आहे: अल्पवयीन मुलीचं मत पालकापेक्षा वेगळं असेल तर न्यायालयाने तिचं मत महत्त्वाचं मानायला हवं. न्यायालयाने, असं म्हटलंय. माझ्या ओपीडीपर्यंत ते वाक्य अजून पोचलेलं नाही. फॉर्म सी तसाच आहे.

आणि जिला आजीही नाही? जिच्या घरातच तिला त्रास झालाय? अमेरिकेत पालकांच्या संमतीवरून बराच झगडा झाला. 1979 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की पालकांची अट घालायची असेल तर मुलीला न्यायाधीशासमोर गुपचूप जाऊन परवानगी मागायची वाट ठेवा. ती वाटही सोपी नाही, अनोळखी माणसासमोर सोळाव्या वर्षी आपली अक्कल सिद्ध करायची. आमच्याकडे या कायद्यात तेवढीही वाट नाही. पोलिसांमार्फत बाल कल्याण समिती, नाहीतर वकील गाठून औरंगाबाद खंडपीठात याचिका. आमच्या गावातली मुलगी खंडपीठाची पायरी कशी चढणार, हे मला कुणी सांगावं.

एक चांगलं झालं. 29 सप्टेंबर 2022च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती चंद्रचूड यांच्या पीठाने म्हटलं की मुलीने आणि पालकाने विनंती केली तर पोक्सोखाली माहिती देताना डॉक्टरने मुलीची ओळख उघड करायची गरज नाही. तेव्हापासून मी विनंती आली की पत्रात नाव लिहीत नाही. पहिल्यांदा ठाण्यातून फोन आला, "मॅडम, नाव राहिलंय." मी निकालाची प्रत घेऊन स्वतः गेले. दुसऱ्यांदाही गेले. तिसऱ्यांदा फोन आला नाही. आता जीप वस्तीत जात नाही.

सहकाऱ्यांना एवढंच मागणं आहे की आजी, मावशी, मोठी बहीण, जी कुणी सांभाळते ती समोर असेल तर तिची सही घ्या. आधार कार्डाची प्रत लावा, 'मुलगी अमुक वर्षांपासून माझ्याकडे राहते' असं दोन ओळींत लिहून घ्या, आणि नोंदीत पालकाचं नातं खरं तेच लिहा. मुलीशी दहा मिनिटं एकटीशी बोला, आजीला बाहेर चहा देऊन. मी एक कोरा कागद फॉर्म सीला जोडते, त्यावर मुलीने स्वतःच्या अक्षरात तिला काय हवंय ते लिहायचं. त्या कागदाला कायद्याने अजून किंमत दिलेली नाही. तरीही मी तो जोडते, आणि तो कोरा राहिला तर पुढे जात नाही.

मागच्या हंगामात एक आजी आली, सात आठवड्यांवर. यावेळी मी स्टॅम्पपॅड पुढे केलं. नात्याच्या रकान्यात 'आजी' लिहिलं. म्हातारीने अंगठा उमटवला, पदराने शाई पुसली आणि विचारलं, "हिच्या बापाला कळवायचं का?"

मी नातीकडे पाहिलं. ती म्हणाली, "आईला मीच सांगते. ती आल्यावर."