दोन हजार डॉलरचं घर घेत का नाही?

पुण्याला आलो की एक प्रश्न ठरलेला असतो. कधी भाचा विचारतो, कधी सोसायटीतले एखादे काका. या खेपेला भाच्याने मोबाइलच नाकासमोर धरला. "मामा, हे बघ. ओहायोत दोन हजार डॉलरला अख्खं घर! दोन मजली, खाली बेसमेंट, मागे अंगण. तू तिथेच राहतोस ना? मग चार-पाच घेऊन का टाकत नाहीस?" वन-बीएचकेसाठी वीस वर्षांचे हप्ते डोक्यावर घेतलेल्या मुलाला मामा येडा वाटणारच. आता तुम्हीही तेच विचारलंत, अमेरिकेत राहून असली स्वस्त घरं घेत का नाही, म्हणून एकदाचं सविस्तर लिहून टाकतो.

घरं मिळतात, हे खोटं नाही. मी ॲक्रनजवळ राहतो, तिथून पूर्वेला तासाभरावर यंगस्टाऊन आहे. क्लीव्हलंड-ॲक्रनकडची आपली मंडळी पिट्सबर्गजवळ पेन हिल्सच्या बालाजीला जातात ती याच गावाच्या कडेकडेने. टर्नपाइकवर, म्हणजे टोलच्या महामार्गावर, गावाच्या नावाची पाटी येते आणि जाते, आत वळायचं काही कारण नसतं. मी वळलो ते ऑफिसातल्या एका सहकाऱ्यामुळे. त्याच्या वडिलांचं घर गावाच्या दक्षिण भागात होतं. वडील गेले, आणि त्या घराचं करायचं काय, हे त्याच्या गळ्यात पडलं.

१९३० साली यंगस्टाऊनची वस्ती १ लाख ७० हजार होती. २०२०च्या जनगणनेत ती ६० हजार भरली. गाव पोलादाचं. महोनिंग नदीच्या दोन्ही काठांनी मैलोन् मैल भट्ट्या आणि रोलिंग मिल होत्या. यंगस्टाऊन शीट अँड ट्यूब ही गावचीच म्हणावी अशी कंपनी १९६९मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या लाइक्स नावाच्या जहाज कंपनीने घेतली. लाइक्सचा जीव पोलादात कधीच नव्हता, नवी यंत्रं आली नाहीत. १९ सप्टेंबर १९७७ला, सोमवारी, कंपनीचा कॅम्पबेल वर्क्स हा कारखाना बंद करत असल्याचं जाहीर झालं आणि सुमारे ५ हजार माणसं रस्त्यावर आली. त्या दिवसाला तिथे अजून 'ब्लॅक मंडे' म्हणतात. पुढच्या पाचेक वर्षांत यू. एस. स्टीलसकट बाकीच्यांनीही एकामागून एक गाशा गुंडाळला.

सहकाऱ्याचे वडील कॅम्पबेलमध्येच होते. अलाबामातून आलेलं कृष्णवर्णीय कुटुंब. कामाला लागले ते कोक भट्टीवर, म्हणजे कोळसा भाजायच्या धुराच्या भट्टीवर, कारण काळ्या माणसाला बहुतेक तिथेच घेत. बढती त्या-त्या खात्यापुरती असल्यामुळे भट्टीवरून सुटका नाही. १९७४मध्ये सरकार, युनियन आणि नऊ पोलाद कंपन्या यांच्यात कोर्टात समझोता झाला आणि नोकरीतली ज्येष्ठता खात्यापुरती न राहता सगळ्या कारखान्यात धरली जाऊ लागली. वडील भट्टीवरून बाहेर आले, बरं काम मिळालं, आणि तीन वर्षांत कारखानाच गेला. घराचीही तीच गत. १९३०च्या दशकात एका सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे करून कर्ज द्यायला धोक्याच्या वस्त्या लाल रंगवल्या, आणि काळ्या लोकांची वस्ती असणं हेच त्यात धोक्याचं लक्षण धरलं होतं. त्यामुळे ज्या भागात त्यांना घर घेता येई, तिथे घराची किंमत कधी वाढलीच नाही. यंगस्टाऊन कशामुळे बसलं, असं कोणी विचारलं की लोक जपानी पोलादावर बोट ठेवून मोकळे होतात. ते कारण आहेच. पण कोणता मोहल्ला आधी ओस पडणार, हे जपानने ठरवलेलं नव्हतं.

आता घर. आपल्या डोळ्यांसमोर घर म्हटलं की दगड, विटा, निदान सिमेंट येतं. कोकणात वर्षानुवर्षं कुलूप असलेलं घर गणपतीत उघडलं, झाडलं-सारवलं की पुन्हा नांदतं होतं. इथलं घर लाकडी सांगाड्याचं असतं आणि ते थंडीच्या दिवसांत जिवंत राहतं ते फर्नेसवर, म्हणजे घर तापवणाऱ्या गॅसच्या भट्टीवर. गॅस तोडला, पाणी चालू राहिलं, आणि जानेवारीत पारा शून्याच्या खाली पंधरावर गेला की नळातलं पाणी गोठतं, फुगतं, नळ फुटतो. घर संपायला एक हिवाळा पुरतो.

आम्ही गेलो तेव्हा एक हिवाळा उलटून गेला होता. बाहेरच्या भिंतींवर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असतात, त्या खालून माणसाचा हात पोचेल तिथपर्यंत सोललेल्या होत्या आणि त्याच्या वर घर पांढरंशुभ्र, जसंच्या तसं. दाराला प्लायवूड ठोकलेलं, त्यावर नगरपालिकेची नोटीस. आत स्वयंपाकघरापासून वरच्या न्हाणीघरापर्यंत भिंत एका सरळ रेषेत फोडलेली, आतला तांब्याचा नळ काढून नेलेला. भंगारात त्याचे फार तर शे-दोनशे डॉलर आले असतील. चोरांनी नळ कापला पण मुख्य व्हॉल्व्ह बंद केला नाही, त्यामुळे बेसमेंटच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत पाणी. आणि त्या सगळ्या पाण्याचं बिल वडिलांच्या नावाने आलेलं. सहकारी हसला, मग बराच वेळ नुसताच उभा राहिला. मलाही काय बोलावं सुचेना.

त्याने कंत्राटदार बोलावला. छप्पर, फर्नेस, नळ, वायरिंग, सगळं मिळून साठ हजारांच्या पुढे. त्याच गल्लीतलं नीट राखलेलं, माणसं राहतात असं घर तीसेक हजारांत जात होतं. भाचेबुवा, तुमच्या व्हिडिओत नसते ती गोष्ट ही. साठ हजार घालून तीस हजारांची वस्तू करायची, तर बँक कर्ज देत नाही. एवढ्या छोट्या कर्जाच्या कागदपत्रांचा खर्चसुद्धा तिला परवडत नाही. रिकाम्या घराला नेहमीचा विमा लागू होत नाही, वेगळा महागडा घ्यावा लागतो. प्रॉपर्टी टॅक्स मात्र चालूच. गवत वाढलं तर पालिका माणूस पाठवून कापते आणि बिल त्याच करात लावते. पाडायचं म्हटलं तर आठ-दहा हजार डॉलर, ॲस्बेस्टॉस निघालं तर आणखी. म्हणजे दोन हजारांचं घर घेणारा मालमत्ता घेत नसतो, दुसऱ्याची देणी अंगावर घेत असतो.

"पण जमीन तर आहे ना?" हा पुढचा प्रश्न, आणि तो मुंबई-पुण्याच्या माणसाचाच असू शकतो. आपल्याकडे १९८२मध्ये गिरणी कामगारांचा संप झाला, अडीच लाख माणसं बाहेर पडली, गिरण्या पुन्हा धड चालू झाल्याच नाहीत. पण खालची जमीन सोन्याची निघाली, धुराड्याच्या आसपास मॉल आणि टॉवर उभे राहिले. कामगाराचं वाटोळं दोन्हीकडे झालं. फरक इतकाच की परळच्या कामगाराला जमिनीच्या भावाने हुसकावलं आणि यंगस्टाऊनच्या कामगाराला भावच नसल्याने जागेवर खिळवून ठेवलं. घर विकून दुसऱ्या गावी जावं, तर विकून येणाऱ्या पैशात तिथे दुसरं घर येत नाही.

गावाने हातपाय गाळले असं नाही. २००५मध्ये यंगस्टाऊनने एक आराखडा मंजूर केला, 'यंगस्टाऊन २०१०'. त्यात चक्क लिहिलं होतं की आपलं शहर आता लहान आहे आणि लहानच राहणार. वस्ती वाढवून दाखवण्याची स्वप्नं विकणाऱ्या आराखड्यांच्या देशात हे धाडसच, जगभरातून नियोजनवाले बघायला आले. मला तो कागद म्हणून आवडतो. पण पावणेदोन लाखांसाठी बांधलेले रस्ते, पाण्याच्या लाइनी, गटारं साठ हजारांच्या करात चालवायची, तर काही गल्ल्या बंदच करायला हव्यात. आणि त्या गल्लीत दोन घरं तरी नांदती असतातच. त्यातल्या ऐंशीच्या आजींना घराचं कर्ज नाही, मागे टोमॅटो लावलेले, चर्च कोपऱ्यावर. पैसे देऊ केले तरी फारसं कोणी हललं नाही. मी तरी कुठे हललो असतो?

जे चाललं ते बारीकसारीक काम. २०११मध्ये काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, लँड बँक ही संस्था सुरू झाली. कर थकलेली घरं ती कायद्याने ताब्यात घेते, पडायला आलेली पाडते, मोकळा तुकडा शेजाऱ्याला नाममात्र पैशात देते. दक्षिणेला आयडोरा नावाचा मोहल्ला आहे. तिथलं करमणुकीचं मोठं पार्क १९८४च्या आगीनंतर बंद पडलं आणि मोहल्लाही खाली आला. तिथे एक स्थानिक संस्था २००९पासून एकेक घर दुरुस्त करून विकते आहे. गल्लीत सलग चार घरं उजेडात आली की पाचव्याचा मालक छप्पर घालायला तयार होतो. याला वेळ लागतो आणि याचे व्हिडिओ होत नाहीत.

सहकाऱ्याने शेवटी घर लँड बँकेला देऊन टाकलं. त्यांनी ते पाडलं. तुकडा शेजारच्या बाईंनी घेतला, आता तिथे त्यांच्या नातवाचा ट्रॅम्पोलिन आहे. फुटपाथ उतरता करून गाडी आत घ्यायची जागा केलेली असते, ती तेवढी राहिली.

इतकं वाचूनही घ्यायचंच असेल, तर दुरून घेऊ नका. इंटरनेटवरच्या लिलावात न बघता घरं घेणारे लांबचे गुंतवणूकदार या गावांचं मोठं दुखणं आहेत. घेतात, भाव येईल म्हणून वाट बघतात, नाही आला की फोन उचलत नाहीत. आधी काउंटीच्या वेबसाइटवर थकलेला कर बघा, पाडायच्या यादीत नाव आहे का बघा, मग फेब्रुवारीत या. उन्हाळ्यात सगळीच घरं बरी दिसतात. लँड बँकेकडून घेणार असाल तर दुरुस्तीचे पैसे हातात आहेत हे त्या साधारणपणे आधी दाखवायला लावतात, आणि अमुक मुदतीत काम करण्याची अटही घालतात. तिथे राहायला जाणार असाल तर मी स्वतः तुम्हाला गाडीतून फिरवून आणेन. नुसतं घेऊन ठेवायचं असेल तर भाच्याला जे सांगितलं तेच: तुझी वन-बीएचके बरी आहे रे बाबा.