पहिली रोडबाईक, उंची पाच फूट दोन: जानेवारी ते जून

डिसेंबरच्या शेवटी रक्ताचा रिपोर्ट आला. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ६.२. मधुमेह ६.५ पासून धरतात, म्हणजे मी उंबरठ्यावर. डॉक्टरांनी गोळी दिली नाही, तीन महिने नियमित व्यायाम करून परत या म्हणाल्या. वय ४४, वजन ७४ किलो, उजवा गुडघा पळू देत नाही. शाळा-कॉलेजची सगळी वर्षं पुण्यात सायकलवर काढलेली, त्यामुळे रोडबाईक, म्हणजे बारीक टायरची आणि खाली वळलेल्या हँडलची सायकल, सोडून दुसरा विचार डोक्यात आलाच नाही. बजेट ठरवलं चाळीस हजार, हेल्मेटपासून पंपापर्यंत सगळं धरून.

ही नोंद मुख्यतः माझ्यासारख्या कमी उंचीच्या मंडळींसाठी लिहिते आहे. सायकल शोधताना मला जे हवं होतं ते सगळं साडेपाच फुटांच्या वरच्यांसाठी लिहिलेलं सापडत होतं.

जानेवारी: दुकानं

पहिल्या दुकानात ५४ सेंटिमीटरची फ्रेम (सायकलचा सांगाडा) पुढे केली. "मॅडम, सीट खाली घेऊ, बसेल तुम्हाला." सीट खाली घेतली, पाय टेकले, एक चक्कर मारली आणि पाच मिनिटांत मानेला रग लागली. सीट खाली घेऊन फक्त पायांचा प्रश्न सुटतो. हँडल लांबच राहतं, हात ताणलेले राहतात, सगळा भार तळव्यांवर आणि मानेवर येतो. माझ्या मते पहिली सायकल घेणाऱ्यांचे सर्वांत जास्त पैसे इथेच वाया जातात, आणि दुकानात ५४ची एकच उरली आहे म्हणून ती गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारणं मला अजिबात पटत नाही.

घरी येऊन माप घेतलं. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभी राहिले, दोन पायांमध्ये एक जाड पुस्तक वरपर्यंत घट्ट धरलं, लेकीने पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावली. ७२ सेंटिमीटर. याला ०.६७ ने गुणलं की फ्रेमचा अंदाज येतो: ४८. आणि ०.८८३ ने गुणलं की पायडलच्या मधल्या बेअरिंगपासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची येते: साडेत्रेसष्ट सेंटिमीटर. हे अंदाजच आहेत, पण ५४ आणि ४८ मधला फरक कळायला पुरेसे आहेत. ४७ ते ४९ सोडून बाकी काही बघायचं नाही, हे त्या रात्री ठरलं आणि पुढचं सगळं सोपं झालं.

नव्यामध्ये माझ्या पैशांत जे मिळत होतं त्यात बहुतेक ठिकाणी शिमानो कंपनीचा टूर्नी हा गिअरचा संच, मागे सात गिअर. टूर्नीला मी वाईट म्हणणार नाही. पण तिच्यात गिअर एका दिशेने बदलायला अंगठ्याचं छोटं बटण असतं, ते वर ब्रेकच्या मुठीपाशी. हँडल खालून धरलं की माझा अंगठा तिथपर्यंत पोचत नव्हता. शिमानोच्याच क्लॅरिस या संचात दोन्ही काम ब्रेकच्या लिव्हरपाशीच बोटांनी होतं. म्हणून क्लॅरिस असलेली जुनी सायकल शोधायला लागले.

फेब्रुवारी: सापडली

जुन्या सायकलींच्या बाजारात ५२ आणि ५४ रग्गड. ४८ची वाट पाहायला पाच आठवडे लागले. शेवटी चिंचवडला एकीने दोन वर्षं गॅलरीत टांगून ठेवलेली मिळाली: अ‍ॅल्युमिनियम फ्रेम, कार्बनचा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा), आठ गिअरची क्लॅरिस, रिम ब्रेक (चाकाच्या कडेवर रबर दाबणारे). २३,५०० ला दिली. कार्बन फ्रेमच्या दोन जुन्या सायकली याच सुमारास बत्तीस-पस्तीसला मिळत होत्या, त्या मी पाहिल्याही नाहीत. आतली चीर बाहेरून दिसेलच याची खात्री नसते आणि ते पारखायची नजर माझ्याकडे नाही.

बघायला जाताना स्टीलची पट्टी घेऊन गेले होते. चेनच्या एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवायचं आणि बारा पूर्ण कड्या मोजायच्या. नव्या चेनमध्ये बरोबर बारा इंच भरतात. एक सोळांश इंच जास्त भरलं तर चेन बदलायची, एक अष्टमांश भरलं तर बहुधा मागची कॅसेटही (मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच) गेलेली असते. इथे एक सोळांशाच्या जरा आत होतं. पुढचं चाक फिरवलं तर ब्रेकच्या रबराला एका ठिकाणी घासत होतं, थोडा आऊट होता, म्हणजे चाक जरा वाकडं फिरत होतं. फ्रेमच्या जोडांवर, विशेषतः खाली पायडलच्या बेअरिंगभोवती आणि हँडलच्या नळीमागे, रंगाला तडा नाही ना हे मोबाईलच्या उजेडात बघून घेतलं. ब्रेकची रबरं दगडासारखी झाली होती.

रास्ता पेठेतल्या सायकल दुरुस्तीवाल्या काकांनी आऊट काढून दिला, रबरं बदलली, केबल नव्या घातल्या. ९० मिलिमीटरचा स्टेम (हँडल सायकलला जोडणारा तुकडा) काढून ७०चा लावला, ब्रेकच्या लिव्हर हँडलच्या जवळ आणल्या. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. माझ्या बोटांना लिव्हर पुरत नव्हती, म्हणजे उतारावर ब्रेक पूर्ण दाबताच आला नसता. काका म्हणाले, "ताई, सायकल आता तुमची झाली." खरंच तसं वाटलं.

मार्च: कात्रज

बिबवेवाडीतून पहाटे साडेपाचला निघते. पहिले तीन आठवडे फक्त सपाट, आठवड्यातून चारदा, पंधरा-वीस किलोमीटर. वेग बघायचा नाही, पूर्ण वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे एवढीच अट. मी स्तोत्र म्हणत जाते. श्वासासाठी मध्येच शब्द तोडावा लागला की वेग कमी करते.

चौथ्या रविवारी कात्रजचा जुना घाट. बोगद्यापर्यंत दोनदा सायकलवरून खाली उतरावं लागलं आणि दुसऱ्या दिवशी गुडघा बोलायला लागला. दम पुरत होता, पाय अडकत होते. मग कागद घेऊन बसले. पुढचं लहान चक्र ३४ दात्यांचं, मागचं सर्वांत मोठं २८चं. पायडलच्या एका फेऱ्याला चाक १.२१ वेळा फिरतं, चाकाचा घेर साधारण २.१ मीटर, म्हणजे एका फेऱ्याला २.५५ मीटर. घाटात माझा वेग ताशी साडेसात किलोमीटर, म्हणजे मिनिटाला १२५ मीटर. भागाकार केला तर मिनिटाला ४९ फेरे. एवढ्या सावकाश फेऱ्यांत प्रत्येक दाब गुडघ्यावर येतो. मागे ३४ दाते असते तर त्याच वेगाला ६० फेरे पडले असते.

काकांनी आधी डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) बघितलं. लांब पिंजऱ्याचं होतं, ३४ झेपतं म्हणाले. ११ ते ३४ दात्यांची कॅसेट आणि नवी चेन मिळून २,६०० रुपये. मोठ्या चक्राला जुनी चेन आखूड पडते, म्हणून दोन्ही एकदमच बदलावी लागली. त्यानंतरच्या रविवारी न उतरता बोगदा गाठला. वेग जवळपास तोच होता, गुडघा मात्र गप्प. सायकल अर्धा किलो हलकी करायला लोक दहा हजार घालतात. घाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्या नवख्याने त्याआधी मागची कॅसेट मोजावी असं मी कळकळीने सांगेन.

एप्रिल-मे: टायर आणि सीट

सायकलसोबत २५ मिमीचे टायर आले होते आणि मी ऐकीव माहितीवर ११० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा भरत होते. तासाभराने करंगळ्यांना मुंग्या यायच्या. एकदा घाईत हवा कमी भरली तर खड्ड्यात ट्यूब रिमला चेपून शेजारी-शेजारी दोन भोकं पडली. आता २८चे टायर आहेत, मागे ७५, पुढे ७०. आपल्या रस्त्यांवर याहून बारीक टायर का वापरावा हे मला कळत नाही. रिम ब्रेकच्या सायकलीत मात्र आधी ब्रेकच्या कमानीखाली किती जागा आहे ते बघा, सगळ्या फ्रेममध्ये २८ बसत नाही. आणि ट्यूबला प्रेस्टा व्हॉल्व (हवा भरायचं बारीक, लांब तोंड) असेल तर पंक्चरवाल्याचा पंप बसत नाही. पितळी टोपीएवढा अडॅप्टर मिळतो, तो सीटखालच्या पिशवीत कायम असू द्या.

सीटबद्दल बायका आपसातही बोलत नाहीत, म्हणून स्पष्ट लिहिते. दुखतं म्हणून जाड गादीची सीट घेऊ नका, ती लांब अंतरावर जास्त काचते. खोक्याच्या पन्हळी पुठ्ठ्यावर दोन मिनिटं पुढे वाकून बसले, हाडांचे दोन खळगे उमटले, मध्यापासून मध्यापर्यंत अंतर १३० मिमी. जुनी सीट पुरुषांची, फार अरुंद होती. रुंद आणि मधे खाच असलेली सीट मैत्रिणीकडे पडून होती, ती लावली. सीटचं टोक केसभर खाली केलं. दहा दिवसांत दुखणं संपलं.

एकूण हिशोब: सायकल २३,५००, कॅसेट-चेन २,६००, दोन टायर ३,०००, स्टेम ९००, हेल्मेट १,८००, पंप १,४००, पुढचा-मागचा दिवा १,२००, पॅडची शॉर्ट १,८००, ट्यूब आणि टायर काढायच्या पट्ट्या ८००. सदतीस हजार. काकांची मजुरी आणि केबल-रबरांचे पैसे वेगळे, तरी चाळीसच्या आत.

जून

मे अखेरचा रिपोर्ट ५.८. वजन ७०.५. सकाळी उठल्यावरची नाडी ८४ होती, आता ७२. रात्रीचं जेवण आठच्या आत आणलं आहे, त्यामुळे सगळं श्रेय सायकलला देता येणार नाही. पण रिपोर्ट हातात घेऊन दवाखान्याच्या जिन्यात मी रडले, हे खरं.

पाऊस सुरू झाला आहे. ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो, म्हणून उतारावर आधीपासून हलके दाबून पाणी पुसून घेते. परत आल्यावर रिम आणि रबरं फडक्याने पुसते, कारण घाटातली वाळू रबरात रुतून रिम खरवडते. काल टाचणीने रबरातून दोन चमकते कण काढले. मडगार्ड लावायला या फ्रेमला भोकं नाहीत. सीटच्या नळीला अडकवायचं एक बघून ठेवलं आहे, कुणी वापरलं असेल तर २८च्या टायरवर घासतं का ते सांगा.