चीक, मध, रक्ती आणि आपली किळस

मधाच्या बाटलीवर काय काय लिहिलेलं असतं, पण हा मध माशीनं आधी पोटात घेऊन मग तोंडातून बाहेर काढलेला आहे, हे कुठंच नसतं. मला वाटतं लिहावं, चांगलं मोठ्या अक्षरात. मला तर हे कळल्यावर मध जास्त आवडायला लागला.

माझं माहेर सातारा जिल्ह्यातल्या मेढ्याकडचं, आता सांगलीत असते. माहेरी बऱ्याच घरांच्या मागं सातेरी जातीच्या मधमाशांच्या पेट्या असायच्या. माशी फुलातला रस ओढून घेते तो तिच्या पचनाच्या पोटात जात नाही, त्याच्या आधी एक वेगळी पिशवी असते त्यात राहतो. पोळ्यात आली की ती तो दुसऱ्या माशीच्या तोंडात देते, ती तिसरीच्या, त्यात त्यांच्याकडची एन्झाइम मिसळत जातात, मग सगळ्या मिळून पंखांनी वारा घालतात आणि पाणी आटून विसेक टक्क्यांवर आलं की वरून मेणाचं झाकण लावतात. एवढं सगळं त्या बारक्या जिवांनी केल्यावर तो चमचा आपल्या ताटात येतो. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, देशातलं पहिलं. जमलं तर तिकडं जाऊन एकदा उघडी पेटी बघा, नुसती बाटली विकत घेऊन येऊ नका.

पण हेच वर्णन मी एकदा जेवताना केलं तर समोरच्या बाईंनी वाटी बाजूला सारली. दोन मिनिटांपूर्वी त्याच मधाला त्या 'एकदम प्युअर' म्हणत होत्या. मध तोच, चव तीच, फक्त माहिती वाढली. किळस या विषयावर आयुष्यभर काम केलेले पॉल रोझिन नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी १९८६ च्या एका अभ्यासात लोकांसमोर ज्यूसच्या ग्लासात मेलेलं, निर्जंतुक केलेलं झुरळ बुडवून काढलं होतं. त्यातून काही होणार नाही हे माहीत असूनही लोकांना तो ज्यूस नको झाला. अगदी लहान पोरांना मात्र असली किळस नसते, ती आपल्या तोंडाकडं बघून शिकतात. म्हणून पोरांसमोर आपण कशाला 'ई' म्हणतोय हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

खरवसाचं तसंच. चीक म्हणजे व्यायल्यानंतरचं पहिलं दूध, घट्ट, पिवळसर, त्यात प्रोटीन इतकं असतं की वाफेवर ते आपोआप वडीसारखं बसतं, वेगळं काही घालावं लागत नाही. गूळ, वेलदोडा, जायफळ एवढंच. दूधवाले मामा पहिल्या दिवसाचा चीक आणून देतात तेव्हा अर्धा दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचा घ्या किंवा साधं दूध मिसळा म्हणून सांगतात, नाहीतर खरवस रबरासारखा होतो. नात्यातल्या शहरात वाढलेल्या पोरांना हे 'म्हशीच्या बाळंतपणाचं' वाटतं आणि नको होतं. आणि तीच पोरं पिझ्झ्यावर चीज ओढून ओढून खातात. चीजसाठी दूध गोठवायला लागणारं रेनेट पूर्वापार वासराच्या चौथ्या पोटातून काढत आलेत, आपल्याकडं आता बहुतेक मायक्रोबियल, म्हणजे सूक्ष्मजीवांपासून केलेलं वापरतात ही गोष्ट वेगळी, पण चीजची सुरुवात तिथलीच. पेढ्यावरचा चांदीचा वर्ख जनावराच्या आतड्याच्या पापुद्र्यांत ठेवून कुटायची जुनी पद्धत आहे. औषधाच्या कॅप्सूलचं जिलेटिन बहुतेक वेळा हाडा-कातड्याचं असतं. गोळ्या-चॉकलेटवरची चकाकी बऱ्याचदा लाखेची, म्हणजे किड्यानं अंगातून सोडलेल्या राळेची. पॅकेटात आलं की यातलं काहीच दिसत नाही आणि न दिसलेल्याची किळस येत नाही.

आता रक्तीबद्दल, म्हणजे बोकडाच्या रक्ताच्या भाजीबद्दल बोलायचंय, खरं तर त्यासाठीच लिहायला बसले.

आमच्याकडं जत्रेला बोकड पडलं की सगळ्यात आधी रक्ती व्हायची, कारण ती टिकत नाही. पातेल्यात थोडं मीठ घालून रक्त धरायचं, थोड्या वेळात ते गोठतं, मग उकळत्या पाण्यात सोडून घट्ट झालं की बारीक कापून कांदा, लसूण, हिरवी मिरची आणि भरपूर कोथिंबिरीवर परतायचं. काळपट दिसते, चव काळजाच्या जवळची, भाकरीबरोबर खायची. त्यानंतर वजडी, म्हणजे पोट-आतडी, जी धुवायलाच दोन बायकांची दुपार जाते, गरम पाणी, चुना, परत पाणी, वास जाईपर्यंत. मग मुंडी, पाय. मटणाचा रस्सा शेवटी. माझी चुलती म्हणायची, "जीव घेतलाय न्हवं आपण त्याचा? मग टाकायचं कशापायी?" यापेक्षा सरळ विचार मी कुठं ऐकला नाही. रक्तातलं लोह अंगी चांगलं लागतं, बाळंतिणीला, अशक्त पोरींना मुद्दाम द्यायचे, देणाऱ्यांना हिमोग्लोबिन हा शब्द माहीत नव्हता पण काम माहीत होतं.

आणि याच रक्तीवरून माणसाला किती खाली बघायला लावतात ते मी पाहिलंय. शाळेत माझ्या वर्गातल्या एका मुलीनं डब्यात रक्ती आणली होती, तिच्याशेजारून सगळ्या उठल्या, त्यानंतर तिनं डबा आणणंच सोडलं. ज्या घरांच्या वाट्याला मांडीचं मटण कधी आलंच नाही, ज्यांना मुद्दाम गावाच्या कडेला ठेवलं, त्यांनी रक्त, आतडी, पाय यांतून चव उभी केली, केवढी कला आहे ती, आणि बाकीच्यांनी त्याच ताटावरून त्यांची पायरी ठरवली. तीच रक्ती-मुंडी आता हॉटेलात थाळी म्हणून मिळते, लोक फोटो काढतात. इंग्लंडात डुकराच्या रक्ताचं ब्लॅक पुडिंग नाश्त्याला खातात, ते आपल्याकडचे फिरून आलेले लोक कौतुकानं सांगतात. कौतुक करा की, पण मग आपल्या गावच्या पोरीच्या डब्याचं पण करा.

मी म्हणत नाही सगळ्यांनी सगळं खावं. ज्याला नको त्याला नको, माझ्या सासूबाई माळकरी आहेत, त्यांच्या समोर आम्ही अंडंसुद्धा फोडत नाही आणि त्यांनीही कधी कुणाच्या ताटाकडं बघून तोंड वाकडं केलं नाही. नको म्हणणं वेगळं आणि ई म्हणणं वेगळं.

आणि कुठून आलं हे विचारावंच, पण कुठल्या अवयवातून यापेक्षा कसं मिळवलं हे विचारावं. इंडोनेशियाची ती महागडी कोपी लुवाक कॉफी घ्या. उदमांजर कॉफीची पिकलेली फळं खातं, बिया न पचता विष्ठेतून पडतात, त्या धुऊन, भाजून कॉफी करतात. आपल्या कोयनेच्या रानातही उदमांजर आहे. विष्ठेचं मला काही वाटत नाही, धुऊन कडक भाजल्यावर काय राहतंय त्यात. पण मागणी वाढल्यावर तिथं ही जनावरं पकडून पिंजऱ्यात कोंडून नुसती कॉफीचीच फळं खायला घालायला लागले. रात्री एकटं रानभर फिरणारा प्राणी तो. ती कॉफी मी कुणी फुकट दिली तरी पिणार नाही.

चिकाचंही असंच. वासराला आईच्या पोटात असताना रोगाशी लढायची ताकद मिळत नाही, ती चिकातूनच मिळते, आणि तीसुद्धा पहिल्या दिवसातच नीट शोषली जाते, जितका उशीर तितकी कमी. त्यामुळं रेडकू असलं तरी त्याचं पोट आधी भरलं पाहिजे, मग आपला खरवस. आमचे दूधवाले मामा तसंच करतात, म्हणून त्यांच्याकडूनच घेते.

मध घेताना पण एवढं विचारा की पेटीतला आहे का पोळं पिळून काढलेला. पिळलेल्यात पिल्लं, अंडी सगळी चिरडली जातात आणि पोळं संपतं. पेटीतल्या चौकटी मशीनमध्ये फिरवून मध काढला की पोळं तसंच राहतं, चौकट परत आत ठेवता येते आणि माशा त्यात पुन्हा मध भरतात. पेटीवाल्याच्या मधाला थोडे जास्त पैसे पडतात, ते द्यावेत.