तुम्ही विचारलंत म्हणून: हवालदाराची मुलगी पोलिसांविरुद्ध का उभी राहते

पोलीस लाइनीत वाढलीस, वडील हवालदार म्हणून निवृत्त झाले, मग कोठडीतील मारहाणीचे खटले पोलिसांविरुद्ध का लढवतेस, असे तुम्ही लग्नकार्यात विचारता आणि कोर्टात वकिलांच्या बार रूममध्येही विचारता. रद्द झालेल्या साप्ताहिक सुट्ट्या आणि बंदोबस्तात गेलेले सण मी घरात पाहिले आहेत. त्यामुळे पोलिसांचे हाल मला कळत नाहीत, हे मी ऐकून घेणार नाही.

एका रात्री मी एका आईबरोबर पोलीस ठाण्यात गेले. तिच्या मुलाला आदल्या संध्याकाळी उचलून आणले होते आणि स्टेशन डायरीत त्याची नोंद नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात 1996 साली बंधनकारक केलेला, साक्षीदाराच्या सहीचा अटकेचा मेमो मी मागितला. ठाणे अंमलदार माझ्या वडिलांच्या हाताखाली काम केलेले निघाले. "ताई, अटक नाहीच, चौकशीला आणलाय," असे म्हणून त्यांनी आवाज खाली आणला. "नोंद करू नका असं वरून सांगितलंय. केली तर उद्या माझी बदली होईल." आतून मुलाचे कण्हणे ऐकू येत होते. मी लेखी अर्ज दिला; त्याची पोच मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर आलेल्या कागदावर अटक त्याच पहाटेची होती. तळपाय सुजल्यामुळे मुलाला नीट उभे राहता येत नव्हते, तरी पोलिसांविरुद्ध तक्रार आहे का, या प्रश्नाला त्याने "नाही" असे उत्तर दिले, कारण ज्यांच्या ताब्यात परत जायचे होते ते त्याच्या मागेच उभे होते.

सनद घेतली तेव्हा मी सांगत असे की कायदा पुरेसा आहे. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, हे 1872 च्या पुरावा कायद्यात होते आणि 2023 च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. परंतु आरोपीच्या सांगण्यावरून मुद्देमाल सापडला, तर निवेदनाचा तेवढा भाग न्यायालयात चालतो आणि मारहाणीला तेवढी फट पुरते. बदलीचा धाकही खोटा नव्हता. प्रकाश सिंह खटल्यात 2006 साली सर्वोच्च न्यायालयाचा आदेश झाला की पोलीस अधिकाऱ्यांना एका पदावर किमान कार्यकाळ मिळावा. महाराष्ट्राने 2014 मध्ये कायदा दुरुस्त केला खरा, पण मुदतपूर्व बदलीची वाट त्यात शिल्लक ठेवली.

हे सर्व ठाऊक असूनही त्या मुलाच्या मारहाणीबद्दलच्या याचिकेत मी त्या अंमलदारांना प्रतिवादी केले. "त्यानं हात उगारला नव्हता," असे वडील म्हणतात, आणि ते खरे आहे. नोंद टाळणे हाच मारहाणीचा पहिला भाग आहे, असे मी न्यायालयात मांडते. घरी ते अजून पटवून देता आलेले नाही.